मागच्यासाठी डहाळी

६ जानेवारी २०२५, सोमवार. चंद्रपूरच्या बसस्थानकापासून तुकूममधल्या समाधान कॉलनीपर्यंत दोघांचे ऑटोभाडे ठरले ऐंशी रुपये. पोचू मडावीने दिले साठ.

त्याचे कारण असे की, अर्ध्या वाटेतच त्याच्या पोटात ढवळायला लागले होते. अहेरीपासून बसमध्ये तो कसाबसा तग धरून बसला होता, पण तीन चाकांच्या त्या डबड्याने त्याचा पार निकाल लावला. त्याने ऑटोवाल्याच्या पाठीवर थाप मारली, खाली उतरला, रस्त्याच्या कडेला दोन मिनिटे उकिडवा बसला आणि उरलेली वाट ऑटोच्या मागून चालत आला. बायको मंगली गाठोड्यांसह आतच बसून होती.

"मंगली पुरी बसली, तिचे चाळीस," कॉलनीच्या फाटकाशी पोहोचल्यावर पोचू म्हणाला. "मी अर्धा बसलो, माह्ये वीस. झाले साठ."

ऑटोवाला बिरजू त्याच्याकडे पाहतच राहिला. "काका, पेट्रोल तर पुरं जळलं ना?"

"अन् माह्ये पाय? ते कोण भरून देते?"

शेवटी "राहू द्या, वीस बाकी राह्यले," असे म्हणून तो गेला. बाकी कसली, हे पोचूला कळलेच नाही. चाललेल्या वाटेचे भाडे द्यायचे असते, असे त्याने उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

पोचूचे वय असेल पासष्टच्या पुढे. अहेरीच्या पलीकडे, जंगलाच्या पोटातले त्याचे गाव. धान कापून झाले, घरात दोनच माणसे उरली, तेव्हा मुलगा धनराज दोघांना हिवाळाभर चंद्रपूरला घेऊन आला. धनराज एका सरकारी कचेरीत बाबू होता. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गच्चीकडे जाणारा जिना, बायको स्वाती, आणि खाली दाराशी स्कूटर. घर छान होते. फक्त त्यात बसून करायचे काय, हे कोणी सांगत नव्हते.

तिसऱ्या दिवशी पोचूने शोध लावला की, सकाळी दहाच्या सुमाराला बसस्थानकावर अहेरीची गाडी येते. त्या गाडीतून कोणी ना कोणी ओळखीचे उतरायचेच. कोणाच्या हातात अंबाडीची भाजी, कोणाच्या तोंडात गावाची खबर. अमक्याची म्हैस व्याली, तमक्याच्या घरी हत्ती येऊन गेले. तेवढे ऐकले की पोचूचा दिवस भरायचा. मग तो आणि मंगली रोज सकाळी निघू लागले. पायी. तास-सव्वा तास जायला, तेवढाच यायला.

धनराजला हे कळले तेव्हा तो जेवणावरून उठला.

"बा, इथी रस्त्यानं कोळशाचे ट्रक चालतात! ऑटोनं जात जा ना."

"ट्रक मधातून चालते. मी कडेनं चालतो. त्याचा अन् माह्या काई झगडा नाई."

"लोक काय म्हणतील? धनराज मायबापाले पायी फिरवून राह्यला!"

"तू नाई का फिरत?"

हा टोला वर्मी बसला. धनराजला साखरेचा त्रास होता आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. म्हणून तो पहाटे स्कूटर काढायचा, मैदानापर्यंत स्कूटरने जायचा, मैदानाला तीन फेऱ्या मारायचा आणि स्कूटरने परत यायचा.

"चालायले गाडीनं जातेस काऊन?" पोचूने पहिल्याच दिवशी विचारले होते.

"बा, तो व्यायाम आहे."

"अन् मी करतो ते?"

"ते जाणं आहे."

हा फरक पोचूने पुष्कळ वेळ मनात घोळवून पाहिला, पण त्याला काही तो पचला नाही.

शेवटी धनराजने तोड काढली. "ठीक आहे. जा पायी. पण एक जरी तक्रार आली ना बा, कोणाचीही, कशाचीही, तर पायी चालणं बंद. अन् अहेरीची गाडीही बंद. मंग गच्चीत खुर्ची टाकून बसा."

पोचूने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे एकदा पाहिले. प्लास्टिकची होती, निळी. तिच्यावर बसून मरण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. तक्रार येऊ द्यायची नाही, एवढे त्याने मनाशी पक्के केले.

आता पोचूच्या चालण्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले. जंगलातल्या पायवाटेवर दोन माणसे बाजूबाजूने चालू शकत नाहीत. एक पुढे, एक मागे. पुढच्याने मागे वळून पाहायचे नाही. तो सारखा मागे पाहू लागला तर दोघेही कुठेच पोहोचत नाहीत. बोलायचे ते पुढे तोंड करून मोठ्याने बोलायचे, मागच्याला आपोआप ऐकू जाते. आणि मागचा फारच मागे पडला तर? त्याचीही सोय असते. वाटेला फाटा फुटला की पुढच्याने एक हिरवी डहाळी तोडायची, जी वाट आपली नाही तिच्या तोंडावर आडवी टाकायची आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवायचा. मागचा येतो, डहाळी पाहतो, ती वाट सोडतो आणि दुसरीने नीट येतो. ना हाक, ना आरोळी. पोचूचा बाप असाच चालला, त्याचा आजाही.

मंगली नेहमीच मागे पडायची. ती वाटेत दोघींशी बोलायची, भाजीचा भाव विचारायची, कुठे टेकायची. त्यामुळे पोचूने चंद्रपुरातही तेच सुरू केले. कॉलनीबाहेर पाण्याच्या टाकीजवळ रस्ता दुभंगत होता. तिथे एक कडुनिंब होता. पोचूने रोज त्याची एक डहाळी मोडायची, डाव्या रस्त्याच्या तोंडावर आडवी टाकायची, वर दगड ठेवायचा आणि पुढे निघायचे. पुढच्या दोन चौकांतही तसेच. आणि खरोखर, रोज बसस्थानकाच्या फाटकात तो पोहोचला की थोड्याच वेळात मंगली पदराने कपाळ पुसत मागून हजर व्हायची. एकदाही चुकली नाही. आपल्या डहाळ्यांवर पोचूचा विश्वास होता, आता तो आणखी वाढला.

एकदा मात्र एका ऑटोने त्याच्या कानाशी इतक्या जोराने भोंगा वाजवला की तो दचकून नालीत उतरला. ऑटोच्या बाजूला थंडीमुळे पडदा सोडलेला होता. पोचूने त्या पडद्याला आणि आत बसलेल्यांना त्यांच्या सात पिढ्यांसकट अशा काही शिव्या घातल्या की भाजीवालीने कानावर हात ठेवले. पडदा मात्र हलला नाही.

आठवडाभराने पाण्याच्या टाकीजवळ त्याला एक नवल दिसले. आदल्या दिवशीच्या वाळलेल्या डहाळीशेजारी कोणीतरी एक लिंबू ठेवले होते. चांगले पिवळेधमक, रसरशीत. पोचूला बरे वाटले. म्हणजे शहरातही लोक मागच्यासाठी खूण ठेवतात तर! फक्त यांची रीत जरा श्रीमंती. पण मागचा माणूस आला नाही वाटते, लिंबू तसेच पडून आहे. ऊन लागले तर सुकून जाईल. त्याने ते उचलून बंडीच्या खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी दोन लिंबे होती. तिसऱ्या दिवशी लिंबे आणि हिरव्या मिरच्या. चौथ्या दिवशी नारळ. पोचू सगळे घरी आणत गेला. मंगलीने लिंबांचे सरबत केले, मिरच्यांचा ठेचा केला आणि नारळाची चटणी वाटली. सून स्वातीने सरबत दोन पेले पिऊन "मामाजी, कुठून आणता इतके ताजे लिंबू?" म्हणून कौतुकही केले.

"रस्त्यावर भेटते," पोचू म्हणाला. स्वातीला वाटले, रस्त्यावरच्या हातगाडीवर.

इकडे समाधान कॉलनीचे समाधान पार उडाले होते. पाण्याच्या टाकीपाशी रोज सकाळी कोणीतरी कडुनिंबाची डहाळी आणि दगड ठेवून जातो, ही बातमी घरोघरी गेली होती. डहाळी, दगड आणि तीन रस्ते मिळतात ती जागा. एवढ्यावर कोणालाही कळले असते की ही करणी आहे. सगळ्यात जास्त हादरले ते अंकुशभाऊ. कॉलनीच्या प्रभात मंडळाचे ते अध्यक्ष. पांढरे बूट घातलेली चार-पाच माणसे रोज सकाळी रस्ता भरून, खांद्याला खांदा लावून, गुडघ्यांविषयी बोलत चालायची; ते हे मंडळ. मंडळाने डहाळीच्या भीतीने तो रस्ता सोडला, मग चालणेच सोडले, आणि आता सगळेजण अंकुशभाऊंच्या ओसरीत बसून गुडघ्यांविषयी बोलत होते.

"डहाळी ठेवते ते ठेवते," कोपऱ्यावरच्या गिरजाबाई म्हणाल्या, "पण उतारा ठेवला तर तोही उचलून नेते! लिंबू उचलणारा साधासुधा माणूस असंल का? त्याले काईच होऊन नाई राह्यलं!"

शेवटी पाळत ठेवायचे ठरले. पोचू त्या सकाळी नेहमीप्रमाणे आला तेव्हा टाकीच्या भिंतीमागून त्याला तीन जोड्या पांढरे बूट बाहेर आलेले दिसले. बिचारे सकाळच्या कामाला बसले असतील, असे समजून त्याने माणुसकीने तोंड फिरवले. डहाळी मोडली, आडवी टाकली, दगड ठेवला. बाजूला आज लिंबाबरोबर काळ्या कापडाची एक बाहुलीही होती. लिंबू त्याने खिशात टाकले. बाहुली कोणा लेकराची पडली असेल म्हणून झटकून भिंतीवर नीट बसवून ठेवली. भिंतीपलीकडून कोणीतरी बारीक किंचाळले आणि सहा बूट कॉलनीच्या दिशेने पळत सुटले. पोटाची तक्रार फारच जोराची दिसते, असे मनाशी म्हणत पोचू अहेरीच्या गाडीकडे निघाला.

परत येईतो तक्रार घरी पोहोचलेली होती.

संध्याकाळी अंकुशभाऊंच्या अंगणात सभा भरली. निम्मी कॉलनी आली होती. धनराज खाली मान घालून एका बाजूला उभा होता. स्वातीचा चेहरा पांढरा पडला होता, कारण सरबताचा उगम तिला नुकताच समजला होता. पोचू मधोमध उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे सारखी ती निळी खुर्ची येत होती.

"मडावीबाबा," अंकुशभाऊंनी घसा खाकरला, "तुम्ही वयानं मोठे आहात. पण हे कॉलनीत चालणार नाही. जंगलाकडच्या लोकांत हे असले प्रकार—"

"कोणते प्रकार?" धनराजने पहिल्यांदाच मान वर केली. आवाज चढलेला नव्हता, पण अंकुशभाऊंनी उरलेले वाक्य गिळले.

"डहाळी कशाले ठेवता, तेवढं सांगा," ते नरमाईने म्हणाले.

पोचूने सांगितले. पुढचा, मागचा, फाटा, डहाळी, दगड. सांगायला सोपे होते. लोक ऐकत राहिले. एकदोघांनी आपल्या आज्याकडून असे काही ऐकले असल्यासारखी मान हलवली.

"मंग लिंबू?" गिरजाबाईंनी विचारले.

"लिंबू माह्यं नाई. लिंबू तुमचं. मले वाटलं, तुमी मागच्यासाठी ठेवता."

"लिंबू कोणी ठेवलं?" धनराजने विचारले. अंगणात चुळबुळ झाली.

"पहिलं मीच," अंकुशभाऊ म्हणाले. "संरक्षण म्हणून."

"नारळ आमचा," गिरजाबाई म्हणाल्या. "पण लिंबू पाहून ठेवला. डहाळी पाहून नाई."

मिरच्या तिसऱ्या घरच्या निघाल्या. बाहुली कोणाची ते कोणी कबूल केले नाही, पण एक बाई उठून घरी गेल्या.

"म्हणजे एक डहाळी माह्या बाची," धनराज म्हणाला, "अन् बाकी सारी करणी कॉलनीची!"

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळेच हसले. अंकुशभाऊही हसले, पण अध्यक्षपदाला शोभेल एवढे सावरून त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "ते सारं खरं. पण या शहरात डहाळी पाहून रस्ता ओळखतं कोण?"

"मंगली," पोचू छाती काढून म्हणाला. "विचारा तिले. एक दिवस चुकली नाई."

सगळ्यांनी मंगलीकडे पाहिले. मंगलीने पदर डोक्यावर आणखी ओढला आणि जमिनीकडे पाहू लागली.

नेमका त्याच वेळी फाटकाशी ऑटोचा भोंगा वाजला. बिरजूने अंगणात डोके घातले. गर्दी त्याच्या ध्यानात आली नाही; त्याला फक्त मंगली दिसली.

"बाई, उद्या माह्या गाडीचं काम हाये. नाक्यावर नेहमीसारखी वाट नका पाहू. दुसऱ्याले सांगून ठेवतो, तो आणून सोडंल तुमाले बसस्थानकाच्या मागं, चहाटपरीजवळ. अन् काका फाटकात गेले की मंग निघा, रोजच्यासारखं."

अंकुशभाऊंच्या कुत्र्याने मोठी जांभई दिली.

पोचू हळूहळू वळला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याने मागे वळून मंगलीकडे पाहिले असावे.

"कवापासून?"

"पायी निघालो त्याच्या तिसऱ्या दिवसापासून," मंगली म्हणाली.

"अन् तो ऑटो? ज्याले मी शिव्या देल्या?"

"मी आतच होती. पडद्याआड. साऱ्या ऐकल्या." मग तिने थोडे थांबून भर घातली, "माह्या बापाचं नाव नव्हतं घ्यायचं."

लोकांनी हसू आवरायला तोंडात रुमाल घातले. पोचूला मात्र हसू येत नव्हते. रोजच्या डहाळ्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. नीट मोडलेल्या, नीट आडव्या टाकलेल्या, दगडाने दाबलेल्या. आणि मागे कोणीच नव्हते.

"सांगितलं काऊन नाई?"

"गुडघा चालू देत नाई मले. दोन चौक झाले की कळ मारते. सांगितलं असतं तर तुमी पुढं गेले असते का? मागं कोणी नाई म्हणून तुमीही घरीच बसले असते." तिने अंगणातून दिसणाऱ्या धनराजच्या गच्चीकडे बोट दाखवले. "त्या खुर्चीत. मले पाहायचं नव्हतं ते."

ती बोलली ते खरे होते आणि खरे असल्यामुळेच पोचूला जास्त लागले.

अंकुशभाऊंनी घाईघाईने सभेचा निकाल सांगून टाकला. तक्रार लिंबांविषयी होती, लिंबे कॉलनीची होती, तेव्हा तक्रार संपली. धनराजनेही मान डोलावली. "बा, तुम्ही जात जा पायी. माह्यं काई म्हणणं नाई."

"आता कशाले जाऊ?" पोचू म्हणाला. "पुढचा मागच्यासाठी असते. मागं कोणी नाई तर मी पुढचा कायचा? उद्यापासून बंद."

ज्या चालण्यासाठी एवढी सभा झाली, ते चालणे तो स्वतःच अंगणात टाकून घरी निघाला.

जिन्यावर मंगली एक पाय टेकत त्याच्या मागून चढत होती. अर्ध्या जिन्यात ती थांबली.

"आयका," ती म्हणाली. "ऑटो माणसापरस जोरात चालते का नाई?"

"चालते."

"मंग मी ऑटोत अन् तुमी पायी, तर पुढं कोण?"

पोचू पायरीवर उभा राहिला. त्याने या बाजूने कधी विचारच केला नव्हता. जन्मभर तो पुढे होता. एवढ्यातच कोणी त्याला अर्ध्या जिन्यात मागे टाकून गेले होते, तेही जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून.

"तू," तो अखेर म्हणाला.

"झालं तर मंग," मंगली म्हणाली आणि चढू लागली.

बिरजूची गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवसापासून नवी पद्धत सुरू झाली. मंगली आता पडद्याआड नव्हे, उघड्या बाजूने ऑटोत बसू लागली, मांडीवर कडुनिंबाच्या डहाळ्यांची जुडी आणि पायाशी दगड घेऊन. पाण्याच्या टाकीजवळ ती "थांबव" म्हणायची. बिरजू थांबवायचा. ती वाकून डहाळी रस्त्यावर टाकायची आणि बिरजूला उतरून वर दगड ठेवावा लागायचा. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. ऑटोतली बाकीची माणसे विचारायची, हे काय? बिरजू कपाळाला हात लावून म्हणायचा, "मागं एक काका येऊन राह्यले."

आणि काका येत होते. आपल्या चालीने, कडेकडेने, हात मागे बांधून. वाट त्याला पाठ होती. डोळे बांधले असते तरी तो पोहोचला असता. तरीही प्रत्येक डहाळीपाशी पोचू थांबायचा, तिच्याकडे नीट पाहायचा, दगड जागेवर आहे का ते पायाने चाचपायचा आणि मान डोलावून मोकळ्या रस्त्याने पुढे व्हायचा. प्रभात मंडळही पुन्हा चालू लागले होते. अंकुशभाऊ दुरून त्याला हात करायचे, डहाळीला मात्र अजूनही वळसा घालूनच जायचे.

एके दिवशी नाक्याच्या अलीकडच्या चौकात डहाळी भलत्याच ठिकाणी पडली होती. रोजच्या सरळ रस्त्यावर आडवी, दगडासकट. मोकळा होता तो उजवीकडचा, लांबून वळसा घालून जाणारा रस्ता. पोचू बराच वेळ उभा राहिला. मंगली चुकली, हे त्याला स्पष्ट दिसत होते. नवा पुढारी, चुकणारच. पण मागच्याने पुढच्याशी वाद घालायचा नसतो. तो मुकाट्याने उजवीकडे वळला आणि घाम गाळत बसस्थानकावर पोहोचला तेव्हा अहेरीची गाडी येऊन लागलीही होती.

मंगली गाडीच्या दाराशी उभी होती. तिच्या हातात अंबाडीची जुडी होती आणि गावाच्या सगळ्या बातम्या तिने आधीच ऐकून घेतल्या होत्या.

"डहाळी चुकली तुही," पोचू म्हणाला. "सरळ रस्त्यावर टाकली."

"चुकली नाई. तिथं पुढं नालीसाठी खणून ठेवलं हाये. तुमी पडले असते."

पोचूने धोतराच्या टोकाने कपाळ पुसले. "मंग चांगलं केलं," तो म्हणाला. पुढच्याविषयी मागचा एवढेच बोलतो. मग त्याने विचारले, "म्हैस व्याली का?"

"व्याली. चाला, सांगते."

बिरजू ऑटोला टेकून उभा होता. जाता जाता त्याने पोचूला त्या बाकीसाठी पुन्हा हटकले. पोचूने पुन्हा तेच सांगितले की चाललेल्या वाटेचे भाडे नसते, आणि आजही तो चालूनच आला आहे.

पहिल्या दिवसाचे बिरजूचे वीस रुपये अजून बाकी आहेत.